बेकिंग पावडरचा डबा आमच्या घरात नाही

ता. ३ मार्च

सौ. वहिनीस,

स. न. वि. वि.

परवा दुपारी सुखरूप पोचले. चार दिवस तुझ्या हातचं खाल्ल्यामुळे स्कर्टच्या कमरेचा हुक लागत नाही. स्कर्ट तूच शिवला आहेस, तूच सैल करून दे. दादाचं बोटीवरून पत्र आलं का? मला आलेलं नाही.

आता खरं कारण लिहिते. परवापासून डायरीत तेच लिहितेय आणि तेच खोडतेय. त्यापेक्षा तुलाच सरळ विचारलेलं बरं. रागावणार असशील तर हे पत्र खाऊन झाल्यावर वाच.

बाबांची मूत्रपिंडं थकली आहेत, हे डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांपूर्वी तुझ्या-माझ्या देखत सांगितलं. मीठ बंद, खायचा सोडा बंद, बेकिंग पावडर बंद. तरीही बाबांचे पाय सुजलेलेच आहेत. मोजा काढला की घोट्यावर खोल रेघ राहते, ती मी स्वतः पाहिली. आणि रोज सकाळी त्यांच्या ताटलीत पॅनकेक, तेही इंचभर उंच! बोटाने दाबला तर उशीसारखा परत वर येणारा. तू म्हणालीस की बेकिंग पावडरचा डबा आपल्या घरात नाहीच. वहिनी, मी बावीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पाणी फार नितळ दिसलं की मला आधी भीती वाटते.

आणखीही काही आहे. सकाळी साडेपाच ते सहा स्वयंपाकघराचं दार आतून बंद असतं आणि आतून खडखड ऐकू येते. पॅनकेक करायला कडी कशाला लागते? बाबा आपल्याबरोबर खायला बसत नाहीत, आपण उठल्यावर एकटेच बसतात, आणि तू त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासतेस. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल आता तुझ्या शिलाई मशीनखाली गेलं आहे. दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर थांबलंय. ज्या माणसाने आयुष्यभर गावाची घड्याळं चालती ठेवली, त्याच्याच घरात हे! मी विचारलं तर म्हणाले, राहू दे, म्हातारं झालंय, विश्रांती घेऊ दे.

आणि हो, मी कपाट उघडलं. पिठाच्या मागे एक डबा आहे, चिठ्ठी फाटलेला, आत पांढरी पूड. चाखली नाही. उघडलं हेच मला खटकतंय, पण न विचारता राहणं त्याहून जास्त खटकतंय.

माझं चुकत असेल तर मला आनंदच होईल. खरंच होईल का, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं. होईल.

तुझा लोभ मला पुरवून पुरवून वापरायचा आहे, या पत्रातच संपवू नकोस.

तुझी,
भिंगू

---

ता. ९ मार्च

प्रिय भिंगूस,

अनेक आशीर्वाद.

पत्र खाऊन झाल्यावरच वाचलं. तरी ठसका लागला.

बाबांनी लहानपणी तुझं नाव भिंगू ठेवलं ते उगीच नाही. पाहुणी म्हणून आलीस आणि पंचनामा करून गेलीस. मला म्हणाली असतीस तर कपाटाच्या किल्ल्या ताटात मांडून दिल्या असत्या. त्या डब्यात कॉलरींना लावायच्या खळीचं पीठ आहे. शिंपिणीच्या घरात दुसरं काय असणार? पुढच्या वेळी चमचाभर चाख, जीभ कडक इस्त्री केल्यासारखी होईल.

पावडरीशिवाय पॅनकेक फुगतो कसा, ते आता नीट लिहून घे. दोन अंडी. बलक वेगळा, पांढरं वेगळं. बलकात दोन मोठे चमचे दूध आणि दोनदा चाळलेला चार चमचे मैदा. हे सोपं. खरं काम पांढऱ्यात आहे. स्टीलचं कोरडं ठणठणीत पातेलं, त्यात बलकाचा टिपूसही नको. लिंबाचे चार थेंब टाकून फेटायला घ्यायचं. फेस आला की दोन चमचे साखर तीनदा करून घालायची, आणि फेटायचं, फेटायचं. हाताला कळ लागली की थांबायचं नाही, ती कळ निघून गेली की मग थांबायचं. पातेलं डोक्यावर उपडं धरलं तरी डोकं कोरडं राहायला हवं. मग तो फेस बलकाच्या पिठात तीन वेळा करून घालायचा, खालून वर, हळूच, नव्या कापडाची घडी उलटावी तसा. मंद आच, झाकण, कडेला चमचाभर पाणी. आणि मुख्य म्हणजे वरून दाबायचं नाही. तुला दाबून बघायची सवय आहे म्हणून मुद्दाम सांगते.

फुगतो तो हवेने. हवेवर अजून डॉक्टरीणबाईंनी बंदी घातलेली नाही.

पॅनकेकच का, तेही सांगते. बिनमिठाचं जेवण सुरू झाल्यावर बाबांनी जेवणच सोडलं होतं. दहा दिवसांत शर्टाची कॉलर दोन बोटं सैल झाली. मीच शिवते, मला कळतं. गोडसर म्हणून हा एकच पदार्थ ते पूर्ण संपवतात. पाय का उतरत नाहीत, ते मलाही कळत नाही. मीही काळजीत आहे, फक्त पाठ करून.

दार का लावते, ते विचारू नकोस. ते आमच्या स्वयंपाकघराचं गुपित आहे, तेवढं एक मला ठेवू दे.

दादाचं पत्र आलं, मजेत आहे. स्कर्ट पाठवून दे. शिवण दोन सूत सैल करते, लोभ आहे तेवढाच घट्ट राहील.

तुझी वहिनी

---

ता. १६ मार्च

सौ. वहिनीस,

स. न. वि. वि.

मी तीनदा करून पाहिलं. पहिला बुटाच्या तळव्यासारखा झाला. दुसरा तसाच, शिवाय करपला. तिसरा ओट्यावर ठेवला होता, तो शेजारणीने पुसणं समजून बाजूला सरकवला. तू लिहिलंस तसंच केलं. चमचा न चमचा मोजला, घड्याळ लावलं. अर्धा तास फेटलं तरी फेस वर उभा राहिना. मी चौरेचाळीस वर्षांची, धडधाकट. माझ्या हाताने होत नाही ते तुझ्या हाताने रोज होतं आणि त्यासाठी कडी लावावी लागते. मी काय समजायचं?

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. निघायच्या दिवशी बाबांच्या ताटलीत अर्धा पॅनकेक उरला होता. तो मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. चोरीच ती. आठवडाभर तो माझ्या फ्रीजमध्ये होता आणि तुझं पत्र येईपर्यंत मी त्याला हात लावला नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. नंतर साहेबांची परवानगी काढून, नोंदवहीत घरगुती नमुना असं लिहून, तो यंत्राला लावला. पदार्थ जाळून राख करायची, ती पाण्यात विरघळवून ज्योतीत फवारायची, मीठ, सोडा, पावडर या सगळ्यांत असतं ते सोडियम किती, हे ज्योत सांगते. दूध-अंड्यातून जेवढं यायला हवं त्याच्या पाचपट निघालं. मी तीनदा फवारलं. ज्योत दर वेळी तशीच पिवळी.

तू मुद्दाम करतेस असं मी म्हणत नाही. त्यांनी खावं म्हणून चिमूटभर पावडर घालावीशी वाटली असेल. मायेपोटीच. पण मायेने पाय सुजतात, वहिनी.

ता. ३० ला मी येते आणि बाबांना माझ्याकडे घेऊन जाते. दादालाही तसं कळवते. हे वाक्य मी खोडलेलं नाही.

यापुढे लोभ मागायचा हक्क मला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी मागते.

तुझी,
भिंगू

---

ता. २० मार्च

वन्सं यांस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आपण ता. ३० ला जरूर यावे. बाबांचे सामान भरून ठेवते. त्यांना सांगितले आहे.

मी तुमच्याएवढी शिकलेली नाही. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाने बाही आखूड झाली म्हटलं तर आधी दुसरी बाही मोजतात. तुम्ही एकच बाही मोजलीत. अर्धा पॅनकेक नेलात तो बाबांच्या ताटलीतला. तव्यावरचा नेलात का? माझ्या ताटलीतला नेलात का? सगळ्यांचं पीठ एकच असतं.

सोबतच्या पार्सलात दोन डब्या आहेत. एकीत आज सकाळी तव्यावरून थेट उतरवलेला तुकडा. दुसरीत त्याच पॅनकेकचा, बाबा उठल्यावर त्यांच्या ताटलीतून घेतलेला. एका डबीला लाल दोरा आहे, एकीला निळा. कोणता कुठला ते बंद लिफाफ्यात लिहिलं आहे. तो लिफाफा मी कडेने शिवला आहे. आधी तपासा, आकडे लिहा, मग टाके उसवा. माझे टाके मी ओळखते.

पॅनकेक वाटेत शिळा होईल, पण तुम्ही शोधता ते शिळं होत नसावं.

निकाल माझ्यावर आला तर आपला लोभ आपल्याजवळ ठेवावा.

आपली,
वहिनी

---

ता. २५ मार्च

सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

लाल दोरा: दूध-अंड्यात असतं तेवढंच. एक कण जास्त नाही.
निळा दोरा: सहापट.

आकडे नोंदवहीत लिहून, सही करून, मग टाके उसवले. लाल तव्यावरचा. निळा बाबांच्या ताटलीतला.

दुसरा नमुना घ्यायचा असतो, हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवते. घरी आले आणि तेच विसरले. विसरले नाही खरं तर. मला जे वाटत होतं तेच यंत्राने सांगितलं, म्हणून तिथेच थांबले. दुसरं काही म्हणालं असतं, तर दहा नमुने घेतले असते. हे डायरीत लिहिलं आहे आणि इथेही लिहिते.

तुझ्या पिठात पावडर नाही. माझी चूक. निखालस माझी.

पण तवा ते टेबल चार पावलं. त्या चार पावलांत काय होतं? तू पाठ करून उभी असतेस, म्हणजे तू नाहीस. मग उरतं कोण, ते लिहायला मन धजत नाही. बाबांच्या ताटलीशेजारी चष्म्याचं घर उघडं असायचं. जेवताना त्यांना वाचायला काय असतं गं?

हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच.

माफी पत्रातून मागू नये, म्हणून येऊन मागते. तोवर लोभ बंद लिफाफ्यात शिवून ठेव. फेकू नकोस.

भिंगू

---

ता. २९ मार्च

चि. भिंगूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाचता येत नसेल तर भिंग घे. या दोन पानांना मला दोन दिवस लागले.

सूनबाईने तुझं पत्र वाचून दाखवलं आणि माझ्यासमोर बसली. मग मीच चष्म्याचं घर उघडून दाखवलं. बारीक स्क्रू ठेवायची माझी काचेच्या झाकणाची चपटी डबी आठवते? तिच्यात मीठ. सूनबाईची पाठ वळली की पॅनकेकवर टाकायचो. मला घ्यायचं असायचं चिमूटभर, पण हात तीन चिमट्या टाकायचा. तुझं यंत्र पाचपट म्हणालं ते त्यामुळे.

हात का, तेही आता लिहितो. वर्षभर दोन्ही हात थरथरतात. आधी स्क्रू निसटायला लागले, मग पेचकस, मग कप. टेबल सूनबाईने घेतलं नाही, मीच दिलं. रिकामं टेबल बघवेना. तुला सांगायचं नाही असा तिच्याकडून शब्द घेतला. तुला कळलं असतं तर तू मला दहा डॉक्टरांपुढे नमुना म्हणून ठेवलं असतंस. तू आलीस तेव्हा चार दिवस हात स्वेटरच्या खिशात ठेवले. एकटा खायला बसायचो तेही त्यासाठीच. चमचा वाजतो. सूनबाई पाठ करते ती मला लाज वाटू नये म्हणून. तिच्या त्या भलेपणाचा मी फायदा घेतला. तुझी वहिनी तुझं सगळं ऐकून घेत राहिली, पण दिलेला शब्द मोडला नाही.

आता दाराचं ऐक. फेस मी काढतो. एकदा माझा हात थांबेना म्हणून मी चिडलो होतो, तेव्हा तिने त्या हातात काटा आणि पातेलं दिलं आणि म्हणाली, बाबा, थांबवू नका, याला कामाला लावा. पंधरा मिनिटांत फेस उभा! तुला अर्ध्या तासात जमलं नाही, कारण तुला हात हलवावा लागतो. मला नाही लागत. घड्याळजीचा हात गेला, पण हे एक काम त्याला उरलं. तुझ्याकडे आलो तर फेटेन, पण तुझ्या घरात मला कुणी पातेलं देईल का, ही शंका आहे.

माझ्या खिशात आणि चष्म्याच्या घरात आता कणभरही मीठ नाही. डबी सूनबाईला दिली.

उद्या येशील तेव्हा न्यायचं की नाही ते तू ठरव. मला विचारलंस तर मी नाही म्हणेन.

हे पत्र टपालात टाकत नाही, तू आलीस की हातात देतो. समोर बोलायला जमणार नाही. लोभ आहेच, फक्त तो आता थरथरतो.

तुझे बाबा

---

ता. ४ एप्रिल

सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

रिकामी बॅग घेऊन परत आले. आयुष्यात रिकामी बॅग इतकी जड लागली नव्हती.

तुझ्या दारात उभी राहून मी बाबांचं पत्र वाचत होते आणि तू आतून, पॅनकेक गार होतोय, आत या वन्सं, म्हणून हाक मारलीस. त्या वन्संचा घाव अजून दुखतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडं ठेवून तुम्ही दोघांनी मला बसवलंत. बाबांच्या हातात पातेलं होतं. मी त्यांचा हात पाहिला आणि काही बोलले नाही. बोलले नाही हे मला जमलं, याची डायरीत नोंद केली आहे.

एक विचारायचं राहिलं. बाबांच्या मिठाबद्दल माझी खात्री पटली आहे, पण पूर्ण नाही. चपटी डबी बोटभर. दोन महिने रोज तीन चिमट्या. हिशेब जुळत नाही. ती भरली कुठून? तुझ्या घरात तर तू स्वतःसाठीही मीठ ठेवलेलं नाहीस. चार दिवस मी तुझं जेवण अळणी अळणी म्हणून मनात नाक मुरडलं, आणि तू त्यांच्यासोबत सगळंच सोडलंस हे मला कुणी सांगितलं नाही. मी तरी विचारलं कुठे? विचारलं ते फक्त डब्याबद्दल.

यावर संशय घेऊ नकोस असं सांगशील तर नाही घेणार. पण सांग.

चौथा पॅनकेक केला. पातेलं बदललं. आधीचं प्लास्टिकचं होतं, त्याला कधीचं तूप लागलेलं असणार. आता पाऊण इंच आला. दाबला नाही.

तुझ्या लोभाचा उरलेला तुकडा, कोणत्याही रंगाचा दोरा बांधून, पाठव.

भिंगू

---

ता. ११ एप्रिल

प्रिय भिंगूस,

अनेक आशीर्वाद.

वन्सं आता संपलं. पुन्हा कपाट उघडलंस तर पुन्हा म्हणेन.

संशय घे. तुझा संशय वाया गेला नाही, फक्त पत्ता चुकला होता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, हात माझे घ्या, डोळे तुमचे द्या, आणि भिंतीवरचं घड्याळ उघडू या. नको नको म्हणाले. म्हातारं झालंय, राहू दे. ते जितकं नको म्हणाले तितकी मला तुझी आठवण झाली. स्टुलावर चढले, लंबकाचं दार उघडलं. लंबकाच्या मागे कागदाच्या छोट्या पुड्या ठासून भरल्या होत्या. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात टेबलावर मिठाच्या पुड्या ठेवलेल्या असतात ना, त्या. रोज फिरायला जायचे, दोन उचलून आणायचे. मी मोजल्या, एकेचाळीस. एक पुडी घसरून लंबकाला अडली, म्हणून घड्याळ थांबलं. चार वाजून वीस मिनिटांनी ते फिरून येतात.

तू मला वाचून दाखवलेल्या त्यांच्या पत्राची मी आठवण दिली. ते म्हणाले, मी खोटं लिहिलेलं नाही, खिसा आणि चष्म्याचं घर एवढंच लिहिलंय. आपण दोघी मिळून त्यांना पुरणार नाही गं.

पुड्या त्यांच्याच हाताने दुकानात परत करायला लावल्या. दुकानदार आधी हसला आणि मग त्यांचा हात पाहून त्याने ओंजळ पुढे केली. बाबांनी हात खिशात घातला नाही.

काल डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हाताचंही त्यांनी स्वतःच सांगितलं. पायाची सूज उतरायला लागली आहे. आता ते आमच्याबरोबरच खायला बसतात. चमचा वाजतो. मी समोर बसते, पाठ करत नाही. थोडं त्यांच्यासाठी, थोडं चष्म्याच्या घरासाठी.

घड्याळ चालू झालं. दिवसाला सात मिनिटं मागे पडतं. ते मला रोज एक स्क्रू सांगतात आणि मी रोज चुकीचा फिरवते.

सोबत लाल दोऱ्याच्या डबीत तुकडा आहे. यंत्राला लावू नकोस. खा.

स्कर्ट सैल केला आहे, घालून पाहा आणि माप कळव. सकाळी साडेपाचला आमच्याकडे अजून खडखड होते. दार उघडंच असतं. लोभही आत आहे, येऊन घे.

तुझी वहिनी